डोळे मिचकवा, सिस्टर

पवई तलावाकडे तोंड करून उभ्या असलेल्या काचेच्या इमारतींत सध्या आरोग्यसेवेतल्या मनुष्यबळटंचाईवर रामबाण उपाय शिजतो आहे. परिचारिका कमी आहेत ना? मग आहेत त्यांची हजेरी कडक घ्या. सिस्टरने मोबाइल तोंडासमोर धरायचा, गोलात चेहरा बसवायचा आणि डोळे मिचकवायचे. मिचकावले नाहीत तर समोर सिस्टर नसून तिचा फोटो आहे, असं यंत्र धरून चालतं. (यंत्राला तरी दोष कसा द्यावा? लागोपाठ नाईट केलेला चेहरा जिवंत आहे याचा पुरावा कुणीही मागेल.)

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टर-अध्यापकांची हजेरीही 1 मे 2025 पासून चेहरा आणि जीपीएसवर गेली. मुहूर्त कामगार दिनाचा.

पण यंत्राची खरी करामत पुढेच आहे. समजा, वॉर्डात मंजूर पदं दहा, भरलेली चार. चौघी आल्या, चौघींनी डोळे मिचकावले आणि साहेबांच्या डॅशबोर्डवर हिरवं वर्तुळ उमटलं: उपस्थिती शंभर टक्के! उरलेल्या सहाजणींना चेहराच नाही, त्यामुळे त्या गैरहजरही नाहीत. सात मिनिटं उशिरा आलेल्या सिस्टरला मेमो मिळतो. वर्षानुवर्षं न उगवलेल्या पदाला साधी नोटीससुद्धा नाही. तसं पाहिलं तर रिक्त पदासारखा गुणी कर्मचारी शोधून सापडायचा नाही. ते रजा मागत नाही, बदलीसाठी वशिला लावत नाही, मोर्चात जात नाही, वर स्वतःचा पगार वाचवून देतं. त्या पगारातून अॅपचं भाडं भागतं, अॅपला कंत्राटदार लागतो, कंत्राटदारावर सल्लागार, आणि सल्लागाराला रोजची माहिती कोण भरून देणार? त्याच चौघी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हा निकष कागदावर छान दिसतो. इथे चेहरा जुळेना म्हणून मास्क खाली, रेंज नाही म्हणून जिन्यात धाव, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरचं सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं. नातेवाईक ओरडतात ते सिस्टरच्याच नावाने. डॅशबोर्डच्या नावाने कुणी ओरडत नाही.

या सगळ्याला ‘शाश्वत रोजगार’ म्हणतात. डोंबलाचा शाश्वत! कंत्राटी सिस्टरचा करार अकरा महिन्यांचा, मग एका दिवसाचा खंड, म्हणजे कायम होण्याचा हक्क अंगाला लागायला नको. आरोग्याचं काम घेऊन घरोघर फिरणाऱ्या आशाताईंचं तर आणखी सोपं. 2005 पासून त्यांना कागदोपत्री स्वयंसेविका ठेवलं, की पगाराचा प्रश्नच मिटला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कमरेला टेप लावायची, तंबाखू-दारू विचारायची, घराण्यातला मधुमेह खोदून काढायचा, गुणांची बेरीज करायची. हे सगळं ज्यात भरायचं, त्या फॉर्मचा दर ठरला 10 रुपये. पवईत फुलेनगरच्या चढावर तेवढ्यात कटिंग चहा मिळाला तर नशीब. मे 2022 मध्ये जिनिव्हात देशातल्या दहा लाख आशांचा जागतिक गौरव झाला, टाळ्या वाजल्या. टाळ्यांवर रेशन मिळत नाही. सेविका ऐच्छिक आणि कामाची टार्गेटं सक्तीची, हा हिशेब मांडणाऱ्याला एकदा ते फॉर्म घेऊन भर मेमध्ये टेकडी चढायला लावलं पाहिजे. जीपीएस चालू ठेवून.

पुढच्या आवृत्तीत म्हणे थकलेला चेहरा ओळखायची सोय येणार आहे. प्रशिक्षणात एका सिस्टरने विचारलं, “ओळखल्यावर काय होणार?”

“लगेच नोटिफिकेशन जाईल.”

“कुणाला?”

“तुम्हालाच, मॅडम.”