विशेष काही नाही

आमच्याकडे फोटो काढायला कारण लागतं. लग्न, बारसं, नवा ट्रॅक्टर, निवडणूक, आधार कार्ड, नाही तर पंचनामा. यातलं काहीही नसताना एखादा माणूस मोबाइल उभा धरून शेजारच्या ओट्याकडे बघू लागला, तर तो मोजणीवाला असतो किंवा हप्ते वसूल करणारा. दोन्ही नसेल तर त्याचं घरात वाजलेलं असतं. मी निवृत्त शिक्षक आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे होटगी स्टेशनातल्या लोकांनी तिसरं कारण पक्कं केलं, आणि दोघे-तिघे तर हिची बाजू ऐकून घ्यायला घरीही येऊन गेले.

खरं कारण न्यूयॉर्कचं होतं. तिथल्या जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या गृहस्थाने ३१ मार्च १९७९ला पोलरॉइड कॅमेऱ्याने एक फोटो काढला आणि पुढे रोज एकच काढायचा नेम धरला. मित्र, जेवणाची ताटं, रस्ते, पसारा, शेवटी दवाखान्यातली खाट. २५ ऑक्टोबर १९९७ला, आपल्या वाढदिवशीच, तो वारला. त्या दिवसाचाही फोटो आहे. सहा हजारांवर फोटो जमले. हे सगळं मी हिला भारावून सांगितलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "त्याला घरचे कधी दळण आणायला पाठवत नव्हते का ओ?"

मी माझा नियम ठरवून टाकला: रोज एक फोटो, आणि तोही विशेष काही नसलेल्या गोष्टीचा. सण, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा वर्ज्य. सूर्यास्त तर मुळीच नाही. मे महिन्यात सोलापूरकडच्या सूर्याबद्दल कोणाला प्रेम वाटत असेल तर त्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर काढावा.

साध्या गोष्टींच्या बाबतीत होटगी श्रीमंत आहे. होटगी गाव वेगळं, होटगी स्टेशन वेगळं. पाहुण्याला पत्ता सांगताना यावरूनच पहिली पाच मिनिटं जातात. मुंबईहून चेन्नईकडे जाणारी मोठी लाइन इथून जाते आणि विजयपूर, बागलकोट करत गदगला जाणारा फाटा इथंच फुटतो. मध्य रेल्वे संपते, दक्षिण पश्चिम रेल्वे सुरू होते. मराठी आणि कन्नड मात्र कुठं संपतात आणि कुठं सुरू होतात ते रेल्वेलाही सापडलेलं नाही. चहाच्या गाड्यावर एकाच वाक्यात दोन्ही असतात आणि तिसरी शिवीपुरती येते.

अशा ठिकाणी माणसाचं मुख्य काम वाट बघणं. पॅरिसमध्ये १८३८ साली दगेर नावाच्या माणसाने खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळी फोटो उमटायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे चालत्या गाड्या, घोडे, माणसं यांतलं काही उमटलंच नाही. उमटला तो एक बूटपॉलिश करून घेणारा, कारण तेवढाच जागचा हलला नव्हता. माणसाचा पहिला फोटो म्हणून तो जगभर दाखवतात. तोच कॅमेरा होटगीच्या फलाटावर ठेवला असता तर अख्खं गाव स्वच्छ उमटलं असतं. बाकड्यावरचे तिघं, पिशव्यांवर बसलेल्या बाया, सिग्नलकडे बघणारा पोरगा, आडवा झालेला कुत्रा, सगळे. फक्त न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या उमटल्या नसत्या, आणि आमच्या दृष्टीने त्या तशाही नसल्यासारख्याच आहेत.

पण दगेर खिडकीत लपून होता. मी समोर उभा होतो, आणि समोर उभं राहिलं की साधं काही शिल्लक राहत नाही.

चहावाल्याचंच घ्या. पहिल्या दिवशी तो बनियनवर, खांद्यावर टॉवेल, एका हाताने पातेलं हलवतोय आणि दुसऱ्या हाताने पाठ खाजवतोय. असा उत्तम फोटो आला. तो त्याने पाहिला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, केसाला तेल, आणि पातेलं गायब. "पातेलं कुठंय?" विचारलं तर म्हणाला, "ते काळं पडलंय की ओ सर. फोटोत कशाला?" मागे मुलाला सांगून पडदाही लावला होता, धबधब्याचा. स्वित्झर्लंडचा असावा. सोलापूर जिल्ह्यात तो खपून जाईल अशी त्याची समजूत होती.

मग गल्लीतल्या आज्जींचा उखळात शेंगाची चटणी कुटतानाचा फोटो. शेंगदाणे, लसूण, तिखट यांना तेल सुटेपर्यंत कुटायचं हे काम बघण्यासारखं असतं. मुसळ एका ठेक्यात पडतं, लसणाचा वास रस्त्यापर्यंत येतो. मी मोबाइल उचलला. आज्जी ओरडल्या, "तडी तम्मा, तडी!" आणि मुसळ टाकून आत गेल्या. मी थांबलो. बऱ्याच वेळाने इरकल नेसून, नाकात नथ, पायांत चपला घालून बाहेर आल्या, आणि उखळाला पाठ करून आधार केंद्रात उभ्या असल्यागत ताठ झाल्या. "चटणी कुटताना पाहिजे होतं हो," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की नोकरीभर एकाही मुख्याध्यापकाने तसं पाहिलं नव्हतं. नथ असताना चटणीचा फोटो मागणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता.

त्या बाबतीत दादासाहेब फाळके नशीबवान. १९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. पडद्यावर चित्र हलू शकतं हे पैसेवाल्यांना पटवून द्यायचं होतं, पण त्यासाठी नट उभे करायलाही पैसे नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज एक चौकट असं महिन्याहून जास्त दिवस टिपत राहिले. पडद्यावर लावल्यावर वाटाणा बघता बघता फुटला, वर आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे त्या तुकड्याचं नाव. तो पाहून कर्ज मिळालं, आणि पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ला, मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे भारतीय सिनेमाची सुरुवात रोज एक फोटो काढण्याच्या छंदातून झाली, असं मी हिला सांगून पाहिलं. त्या वाटाण्याने मध्येच "थांबा, साडी बदलून येते" म्हटलं असतं तर हरिश्चंद्र आणखी दहा वर्षं लांबला असता, हेही सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी वाटाणा तरी पेरला. तुम्ही काय पेरलंय?"

उत्तर नव्हतं. पण या प्रकल्पात मी एकटा नाही, उलट फार मागे आहे, हे मला बंधाऱ्याच्या कामावर कळलं. तिथं रोजगार हमीची मजुरं होती आणि रोजगार सेवक त्यांना ओळीत उभं करत होता. रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच देणगी. बहात्तरच्या दुष्काळाने ती सगळ्यांना शिकवली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तेव्हा हजेरी पत्रकावर अंगठा चालायचा. १ जानेवारी २०२३पासून मोबाइलच्या अ‍ॅपवर फोटो काढून हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोनदा, जागेच्या आणि वेळेच्या नोंदीसह. लिव्हिंग्स्टन रोज एक काढायचा. आमचा रोजगार सेवक दोन काढतो, तेही रेंज शोधत टेकाडावर चढून. मी त्याला आदराने विचारलं, "यातून रोजचं जगणं कसं दिसतं?" तो म्हणाला, "सर, बाजूला व्हा की. तुम्ही मस्टरमध्ये येऊलालाव."

या अ‍ॅपवर काही ठिकाणी माणसांऐवजी जुन्या फोटोचाच फोटो काढून पाठवतात, म्हणून २०२५च्या जुलैत दिल्लीहून खरमरीत पत्र निघालं. वाचून मला धक्का बसला नाही, हेवा वाटला. पावसात बाहेर पडायचा कंटाळा आला की हा उपाय मला का सुचला नाही?

शेतकरीही यात आहेत. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्याच गटात उभं राहून आपल्या पिकाचा फोटो अ‍ॅपमध्ये काढायचा, मग सातबाऱ्यावर पेरा लागतो. पूर्वी तलाठी चावडीत बसून कोणाच्या रानात काय आहे ते अंदाजाने लिहायचा आणि त्या अंदाजांत सगळ्यांची मनं राखलेली असायची. आता तूर ती तूर. माझ्या मोबाइलची कीर्ती पसरल्यावर निम्मी पाहणी माझ्याकडे आली. काळ्या रानातून चप्पल उचलत मी अनेक गट हिंडलो, आणि खरं सांगायचं तर साध्या आयुष्याचे माझे सगळ्यात चांगले फोटो तेच आहेत. तूर पदर सावरत नाही. ज्वारी मागे धबधबा लावत नाही. फक्त ते फोटो माझ्याकडे नाहीत. ते अ‍ॅपमधून सरळ सरकारकडे गेले. महाराष्ट्राच्या साध्यासुध्या जगण्याचं एवढं मोठं प्रदर्शन कुठल्याशा सर्व्हरवर भरलेलं आहे आणि त्याला अजून एकही पाहुणा गेलेला नाही, हा विचार मला अधूनमधून रात्री येतो.

लोकांचं म्हणणं, साध्या गोष्टीचा फोटो ठेवून करायचं काय? याला माझ्याकडे कुमठ्याच्या चिमणीचं उत्तर आहे. श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याची, नव्वद मीटरच्या आसपास उंच. सोलापूरला जाता-येता दिसायची. विमानतळाला अडथळा म्हणून तिच्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १५ जून २०२३ला ती पाडली. मी आमच्याकडे मोबाइल-मोबाइल हिंडलो. ती पडतानाचा व्हिडिओ प्रत्येकाकडे, कुणाकडे तर तीन बाजूंनी. उभी असलेली एकाकडेही नाही. शेवटी एकाच्या नव्या ट्रॅक्टरच्या फोटोत सापडली: मागे, पुसट, मागच्या टायरच्या वर, हळदकुंकू लावलेल्या बॉनेटपेक्षा लहान. पुढे २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातून गोव्याचं विमान उडालं तेव्हा सगळ्यांनी विमानाचे फोटो काढले. विमान रोजचं झालं की ते थांबतील, आणि मग मी सुरू करीन.

माझ्या फोटोंना खरा भाव आला तो पाण्यामुळे. सोलापूरकडे नळाचं आणि आमचं रोजचं जाणंयेणं नाही. "मागच्या खेपेला पाणी कधी आलतं?" या प्रश्नावर गल्लीत चार मतं आणि दोन भांडणं असायची. एकदा मी फोटो मागे सरकवत दाखवलं: या दिवशी ओट्यावर घागरी भरलेल्या, त्यानंतर रिकाम्या, उपड्या. तारीख वर आपोआप छापलेली. तेव्हापासून बाया घरी येतात, कलेबद्दल अवाक्षर न काढता "बघा की ओ सर, घागरी" म्हणतात, आणि पुढच्या खेपेचा हिशेब बोटांवर करत जातात. त्यांनी मला एक सूचनाही केली आहे. चहावाला, कुत्रा, फलाट वगैरेंत जागा घालवू नये, रोज घागरीच काढाव्यात.

एवढी उपयुक्तता सिद्ध झाल्यावर मी निर्धास्त होतो. तोच एका संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतले अण्णा आले. वय ऐंशीच्या पुढे, रेल्वेतून निवृत्त. हिने चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं, मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "माझाबी एक काढा. जरा बरा. वर लावायला."

आमच्या वयाच्या माणसाला 'वर' म्हणजे कुठे ते विचारावं लागत नाही. त्यांचा थोरला भाऊ गेला तेव्हा घरात आधार कार्डाशिवाय फोटो नव्हता. तोच मोठा करून लावला आहे, आणि गेली कित्येक वर्षं तो भिंतीवरून फिर्यादीसारखा बघतो आहे. अण्णांना तसं नको होतं. मी नियम बाजूला ठेवला. कडुनिंबाखाली खुर्ची टाकली, टोपी थोडी मागे सारली, पूर्वीच्या मीटरगेज गाडीबद्दल काहीतरी विचारलं आणि ते सांगण्याच्या भरात असताना फोटो काढला. इतका सुंदर आला की आठवड्यात त्यांच्या वयाचे आणखी चारजण खुर्ची कुठे टाकायची ते विचारायला आले. मी रोज फोटो का काढतो याचं उत्तर आता गल्लीला मिळालं होतं. सर स्वतःचा 'तसला' फोटो शोधतायत, अजून मनासारखा येत नाही, म्हणून रोज सराव चाललाय. दोघांनी मला धीरही दिला.

अण्णांनी सोलापुरातून मोठी फ्रेम करून आणली. एवढा खर्च केलेला फोटो ट्रंकेत कशाला ठेवायचा, म्हणून लगेच भिंतीवर लावला, भावाच्या शेजारी. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तर आपल्याच फोटोखाली बसून अण्णा चहा पीत होते आणि वर फोटोला झेंडूचा घसघशीत हार होता. घरात नवी नातसून आली आहे. तिने भिंतीवरच्या सगळ्यांना ओळीने हार घातले, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, त्यात हेही आले. सूनबाई आतून शरमून म्हणाली, "काढते ओ मामंजी, आत्ता काढते."

"राहू दे," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "झेंडू काय भावानं आणलाय माहीत हाय का? सुकेपर्यंत राहू दे की."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, हारासकट एक काढून ठेवा. कसं दिसतंय ते बघू."