आगाऊ उरकलेली थंडी

शरद संपत आला की इंग्लंडातली बागकामाची पुस्तकं एकच मंत्र देतात: बागेला झोपवा. डेलियाचे कंद उकरून कोरड्या जागी ठेवा, मुळांवर पाचोळ्याचं पांघरूण घाला, पाणी गोठेल म्हणून नळी रिकामी करून गुंडाळा आणि मार्चपर्यंत बागेकडे खिडकीतून बघा. तिथं हे शहाणपणाचं आहे. सातारा-सांगलीकडे कुणी ते मनावर घेतलं, तर वर्षातले सगळ्यात चांगले चार महिने त्याची बाग पाचोळ्याखाली घोरत पडेल. माझं म्हणणं असं की आपल्याकडे थंडीची तयारी म्हणजे बागेला उठवणं. झोपवायचंच असेल तर ते थंडी पडायच्या आत उरकावं लागतं. स्वेटर फक्त माळ्यानं घालावा.

याचा सज्जड पुरावा तासगावच्या बाजूला मिळतो. द्राक्षवेल मूळची अशा मुलखातली, जिथं हिवाळ्यात पानं झडतात, वेल निवांत झोपते आणि वसंतात डोळे उघडते. इकडे पारा पंधराला टेकला की अख्खा कृष्णाकाठ कानटोपी चढवतो, पण वेल या थंडीला थंडी म्हणायला तयार नाही. तिला झोपच लागत नाही. म्हणून तासगाव, मिरज, कवठे महांकाळचा बागायतदार ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम पुसत तिला एक हिवाळा घडवून आणतो. पाण्याचा ताण देतो, फवारून पानगळ करतो, काड्या छाटतो आणि राखलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. परदेशातली वेल ज्यासाठी तीन-चार महिने घेते, ते इथं काही दिवसांत आटोपतं, आणि खरी थंडी येऊन पोचते तेव्हा वेलीच्या पंचांगात वसंत लागलेला असतो. (हे रसायन हाताळणाऱ्यानं त्या सुमारास दारूला शिवायचं नसतं, दोन्ही एकत्र आले की माणसाची अवस्था वाईट होते. द्राक्ष यावं म्हणून आधी माणसानं कोरडं राहायचं, हा न्याय मला फार आवडतो.) घरच्या बागेतही उलटी गंगाच वाहते. गुलाब ऑक्टोबरात छाटला की साधारण दीड महिन्यात फुलतो, आणि शेवंती तर रात्री लांबायला लागल्याशिवाय कळीच धरत नाही.

आता महाबळेश्वरवाले हरकत घेतील. वेण्णा तलावाच्या जेटीवर गोठलेल्या दवाचा फोटो दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकतो, मग तिथं तरी बाग झोपवायला नको का? पण त्याच तलावाच्या आसपास, 2010 साली भौगोलिक मानांकन मिळवलेली स्ट्रॉबेरी ऐन थंडीत लाल होत असते. तिची रोपं पावसाळ्यात वाढवायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लावायची आणि थंडीच्या जोरावर फळं खायची, असा हा व्यवहार. हिमकण पडले की पानाफुलांना झळ बसते, हे कबूल; कुणी तेवढ्यापुरतं झाकतंही. मात्र ते झाकणं कामावर असलेल्याला सर्दी होऊ नये म्हणून असतं. त्याला रजा दिलेली नसते.

दुसरी हरकत कासची. जागतिक वारशाच्या यादीत 2012 साली गेलेलं ते पठार नोव्हेंबरात पिवळं गवत होऊन पडतं, म्हणजे निसर्गच झोपा म्हणतो की! म्हणतो, पण त्याचं कारण थंडी नव्हे. जांभ्यावरचा मातीचा पापुद्रा इतका पातळ, की पाऊस सरला की पाणी संपलं आणि पाण्याबरोबर फुलंही. दिवाळीच्या सुट्टीत गाडी भरून तिथं जाणारी आणि फुलं कुठं ठेवलीत असं विचारणारी मंडळी हा भूगोल दरवर्षी नव्यानं शिकतात.

आणि पांघरुणाचा हट्टच असेल, तर ते पावसाविरुद्ध घालावं. छाटणीनंतर कोवळी फूट आली आणि नेमकं आभाळ भरून आलं की दावण्या रोग पानावर उतरतो, फुलोऱ्यात पावसानं गाठलं तर घड कुजतात. द्राक्षबागांवर आता प्लास्टिकची छपरं दिसू लागली आहेत ती याच धास्तीनं. नोव्हेंबरात बागायतदार मोबाइलवर हवामान बघतो ते थंडी किती पडणार म्हणून नव्हे. थंडी वेळेवर येऊन ढगांना हाकलणार की नाही, एवढीच त्याला चिंता.

एक सवलत मात्र मोगऱ्याला द्यायला हवी. तो थंडीत खरोखर झोपतो आणि त्याला झोपू द्यावं. पाणी तोडावं, थंडी ओसरता ओसरता छाटावं. पण कुंडीतल्या मोगऱ्याला नेमकं याच दिवसांत जास्त पाणी मिळतं, ‘हा फुलत का नाही’ या काळजीपोटी. पांढऱ्या चाफ्याचं तर त्याहून वाईट. पानं गळून नुसती बोटं उरली की घरातलं कुणीतरी तो मेला असं समजून रोज तांब्याभर पाणी घालू लागतं, आणि मुळं कुजून संक्रांतीपर्यंत तो खरोखरच मरतो.