पांडवांचा ठेका

सह्याद्रीत दगडाला भोक दिसलं की ते कुणी पाडलं हे विचारायचं नसतं. उत्तर ठरलेलं आहे. पांडवांनी. भोक लहान असेल तर वनवासात जाता जाता, मोठं असेल तर एका रात्रीत. लेणं, कपार, पाण्याचं टाकं, डोंगराच्या माथ्यावरचं आरपार नेढं, सगळी कामं एकाच ठेकेदाराच्या नावावर. न्हाणीसारखा दिसणारा खळगा तेवढा सीतामाईकडे जातो, आणि कुणालाच हलवता येणार नाही अशी शिळा भीमाकडे. नकुल-सहदेवांच्या वाट्याला वेगळं काही आलेलं मी अजून ऐकलं नाही. धाकट्यांचं असंच असतं.

या बाबतीत जुन्नर तालुका गर्भश्रीमंत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा. गावाच्या भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. पांडवांची बारा वर्षांतली बरीचशी बदली इथेच झाली असावी.

आमच्या भटकंतीत दोन जाणकार होते. एक भूगर्भशास्त्र शिकलेला मित्र, जो कुठल्याही दगडाला हात लावून क्षणभर डोळे मिटतो, नाडी बघितल्यासारखा. दुसरे खिरेश्वरकडचे वाटाडे मामा. डोंगराकडेच्या कुठल्याही गावात साठीचा, टोपीवाला आणि आपल्यापेक्षा दुप्पट वेगाने चढणारा माणूस हा मामाच असतो.

मित्राने पहिल्याच कपारीत प्रवचन लावलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचत गेले आणि आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. मेघालयात चुनखडी आहे, ती पावसाच्या पाण्यात विरघळते, म्हणून तिथे मैलोन्‌मैल नैसर्गिक गुहा. बेसाल्ट तसा विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडे दोन थरांमधला मऊ पट्टा झिजला की फार तर कपार होते. चांगली खोल, चौकोनी, ओटा-बिटा असलेली गुहा दिसली, तर ती माणसाने कोरलेली समजायची.

मामांनी तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

"किती वर्सं म्हनला?"

"साडेसहा कोटी."

"तवा पांडव नव्हते?"

"मामा, तेव्हा माणूसच नव्हता."

"मंग ही कोरली कुनी?"

मित्राने दगडाचं वय वेगळं आणि लेण्याचं वय वेगळं, लेणी फार तर दोन-सव्वादोन हजार वर्षांची, असं समजावायला घेतलं. पण सभा मामांनी जिंकली होती.

मी तटस्थपणे हिशेब मांडून पाहिला. वनवास १२ वर्षांचा, म्हणजे ४,३८० रात्री. महाराष्ट्रातली झाडून सगळी लेणी मोजली तरी आकडा हजाराच्या आसपास जातो. रात्रीला एक या दराने काम उरकून पांडवांना तीन हजारांवर रात्री झोपायला उरतात. गणित सुटतं! मित्राच्या साडेसहा कोटींचा ताळा मात्र मला आजतागायत करता आलेला नाही.

अर्धवट लेण्यांचं कारणही ठरलेलं आहे. कोंबडं आरवलं. उजाडलं, पांडवांनी छिन्नी टाकली आणि निघून गेले. मित्राला अर्धवट लेणी दिसली की भरतं येतं. काम छतापासून खाली करत आणायचे, म्हणजे परांची बांधायला नको, हे अशाच सोडून दिलेल्या खोल्यांवरून कळतं म्हणे. आणि काम का सोडलं? कातळात भेग निघाली असेल, नाहीतर पैसे संपले असतील.

"पैसं संपलं म्हंता ते पटतंय," मामा म्हणाले. "आमच्या सभामंडपाचं त्येच झालंय."

पैसे दिले कुणी, हे मात्र भिंतीवरच लिहिलेलं आहे, ब्राह्मी लिपीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. इरिल नावाच्या एका यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप. हे यवन म्हणजे ग्रीक वळणाचे परदेशी लोक. कुठून कुठे आले, जुन्नरला धंद्यात बरं चाललं आणि पंगतीची सोय करून गेले. त्यांच्या लेखांशेजारी आता ऑइलपेंटमधले बदाम आहेत, बाणासकट. इरिलाने आधी टाकी दिली, मग नाव कोरलं. हल्लीचे दाते थेट नावावर येतात.

वटवाघळांबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण अंधाऱ्या लेण्यात आधी त्यांचा वास येतो आणि मग ती. त्यांना आवाजाच्या पडसादावरून अडथळा कळतो, ती माणसाला कधीच आपटत नाहीत, हे मित्राने आम्हाला फार शांतपणे सांगितलं. फक्त सांगताना तो दोन्ही हातांनी डोकं झाकून उकिडवा बसलेला होता. मामा दारातच उभे होते. "म्या काय आत येत न्हाई," ते म्हणाले. "पांडव गेल्याव हितं कुनी झाडलंच न्हाई."

नाणेघाटात दोघा जाणकारांचं एकदाचं जमलं. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. कुठकुठले यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली, सगळं तपशीलवार. लग्नातल्या आहेराची वही इतकी नीट ठेवलेली मी पाहिलेली नाही. जवळच वाटेवर दगडी रांजण आहे. कोकणातून चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यात जकात टाकायची, असं सांगतात. मित्र म्हणाला, सातवाहनांचा असणार. मामांनी ताबडतोब मान डोलावली. मला आश्चर्य वाटलं.

"हा रांजण पांडवांचा नाही, मामा?"

"छ्या! पांडव टोल घ्येतील व्हय? त्ये सरकारचं काम."

तिथून जवळच, जीवधनला लागून वानरलिंगीचा सुळका उभा आहे. त्याचं दुसरं नाव खडा पारशी. पांडवांच्या एवढ्या मोठ्या इस्टेटीत हा एकटा पारशी कधीपासून उभा आहे कोण जाणे. भाडेकरू असावा. हलत नाही.

शेवटी टोलारखिंडीतून हरिश्चंद्रगड. केदारेश्वराच्या गुहेत भलंमोठं शिवलिंग, भोवती कंबरभर बर्फासारखं पाणी आणि चार कोपऱ्यांत चार खांब. त्यांतला एकच शाबूत आहे, बाकीचे तुटलेले. मामांनी टोपी काढली आणि आवाज खाली आणला. एकेक खांब म्हणजे एकेक युग. तीन गेली. हा चौथा पडला की कलियुग संपलं, म्हणजे जगच संपलं.

मित्र हसला. काप गेला असेल कातळात, पाणी मुरतं, थंडी-उन्हाने दगड फुगतो-आकसतो, त्यात युगाचा काय संबंध, वगैरे. मग आम्ही सगळे ओरडत, दात वाजवत प्रदक्षिणेला पाण्यात उतरलो. तीन तुटक्या खांबांपाशी मित्राने हात लावून, डोळे मिटून नाडी पाहिली. चौथ्याला मात्र चांगला चार हातांचा वळसा घातला.

"सायेब," मामांनी काठावरून हाक दिली, "साडेसा कोटी वर्सं टिकलाय न्हवं दगूड? टेका की वाईच."

"पाणी फार गार आहे," मित्र म्हणाला आणि भराभर बाहेर आला.