फनेल झोनमधलं घराणं

पार्ले पूर्वेच्या जुन्या इमारतींत सोसायटीची वार्षिक सभा म्हणजे मुख्यतः विमानतळाच्या नावाने बोटं मोडण्याचा कार्यक्रम. आपण पडलो फनेल झोनमध्ये. विमानं चढण्या-उतरण्याच्या पट्ट्यात इमारतीच्या उंचीला बंधन, म्हणून मजले वाढत नाहीत. मजले वाढत नाहीत म्हणून बिल्डर फिरकत नाही. आणि बिल्डर फिरकत नाही म्हणून गच्चीवरची टाकी गळतच राहते. या सभेत एकच सभासद तृप्त चेहऱ्याने बसलेला असतो. तो विमानवेड्या घराण्याचा कर्ता पुरुष. आपण त्यांना अण्णा म्हणू. समोर वीस मजली टॉवर आला तर सत्तावीसवरून उठणारी विमानं दिसणार कशी, एवढीच त्यांची चिंता.

सत्तावीस हा खोली नंबर नव्हे. धावपट्टीचं तोंड होकायंत्रावर ज्या अंशाकडे असतं, त्यातलं शेवटचं शून्य गाळून तिला नंबर देतात. पश्चिम म्हणजे २७० अंश, म्हणून २७. समुद्रावरून वारा असला की विमानं या बाजूने पार्ल्यावरून चढतात. वारा फिरला की धावपट्टी तीच, पण नंबर ०९, आणि मग विमानं पार्ल्यावरून उतरतात. वारा कसाही वाहो, पार्ल्याच्या वाट्याला विमानाचं पोट येतंच. अण्णांच्या मते जागा घेताना बघायची ती एवढीच गोष्ट. पाणी, शाळा, स्टेशन या नंतरच्या बाबी.

अण्णांचं मूळ दैवत कॉमेट. जुलै १९५३मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ विमानतळाऐवजी चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि काही दिवस तिथेच अडकून पडलं, ही गोष्ट खरी. अण्णा तेव्हा आठ वर्षांचे. आधी ते सांगत, की वडिलांच्या खांद्यावर बसून लांबून पाहिलं. पुढे दर लग्नकार्यात हे अंतर कमी होत गेलं. हल्लीच्या आवृत्तीत वैमानिक शिडी उतरून थेट त्यांनाच विचारतो, ‘सांताक्रूझ हेच ना?’ १९७२मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८नेही हाच घोटाळा केला आणि ते धावपट्टी संपल्यावरही पुढे गेलं. अण्णा हळहळले, पण त्यांच्या हळहळीत थोडं समाधान होतं. जुहूला अशी माणसं येतातच, असं काहीसं.

चिरंजीव अभ्यासू पंथाचे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला आणलं. बरोबर पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, ते कराचीहून पुन्हा तसेच आले, या वेळी लेपर्ड मॉथमधून. तो शुक्रवार होता आणि चिरंजीवांचा सहामाहीचा भूगोलाचा पेपर होता. अण्णा त्यांना घेऊन जुहूला गेले. शाळेने कारण विचारलं, तेव्हा चिठ्ठीत लिहिलं, ‘घरगुती कार्य’. भूगोल कच्चा राहिला तो राहिलाच. पण विमानाने जाता येईल अशी कुठलीही जागा चिरंजीवांना ठाऊक असते.

यांच्याकडे चहाला जाणं धोक्याचं. कप तोंडाशी नेला की हे गॅलरीत ओढतात. ‘ती बघा चाकं. पोटात गेली तरी उघडी दिसतात, झाकण नाही. म्हणजे बोइंग सातशे सदतीस!’ ‘मला तर सगळी सारखीच दिसतात,’ असं म्हणणाऱ्या पाहुण्याला दुसरा चहा मिळाल्याचं ऐकिवात नाही.

अण्णांच्या पत्नी माई स्वतःला या वेडातून वगळतात. मात्र कुकर लावता लावता ‘आज दिल्लीचं लेट आहे’ हे बोलतात त्याच.

इतकं करून अण्णा विमानात बसले ते एअर डेक्कनने २००३ नंतर तिकिटं आवाक्यात आणली तेव्हा. खिडकीची जागा मिळूनही नाराज होऊन उतरले. म्हणाले, ‘आतून विमान दिसतच नाही. दिसतो तो पंखाचा तुकडा आणि पुढच्याचं टक्कल.’ मला हा आक्षेप बिनतोड वाटतो.

२५ मार्च २०२०पासून देशांतर्गत विमानं थांबली, तेव्हा सारं पार्लं कोकिळा ऐकू येते म्हणून हरखलं होतं. या घरात सुतक. रात्रीबेरात्री एखादं मालवाहू विमान गेलं की सगळे अंथरुणातून उठून गच्चीत. दोन महिन्यांनी, २५ मेला वाहतूक सुरू झाली आणि माईंनी शिरा केला. शेजारी वाटी द्यायला आल्या तेव्हा ‘सहजच’ म्हणाल्या.

आता नात. घराण्याला बट्टा लागला तो हिच्यामुळे. ती खरोखरच वैमानिक झाली. बारामतीला सेसनावर शिकली, परवान्यासाठी लागणारे २०० तास भरले, कर्जही डोक्यावर घेतलं. त्या दिवसांत अण्णा फोनवर ‘जेवलीस का’ असं विचारत नसत, ‘वारा कुठला होता’ असं विचारत. आता ती एअरबसवर को-पायलट आहे. सुट्टीत घरी आली की कानांत बोळे घालून दुपारपर्यंत झोपते आणि जेवताना विमानाचा विषय निघाला तर ताट उचलून आत जाते. चाकांना झाकण आहे की नाही यापेक्षा कर्जाचा हप्ता कधी कापला जातो, याचं तिला जास्त पडलेलं. दोन पिढ्यांच्या भक्तीनंतर घरात हा असा व्यवहार शिरला.

तरी तिचं विमान सत्तावीसवरून निघायचं असलं की घर गच्चीत जमतं. अण्णा पांढरा पंचा हलवतात, चिरंजीव वेळ टिपून घेतात, माई सुकत घातलेले कपडे उगाचच पुन्हा झटकतात. नातीने समजावून पाहिलं, ‘अण्णा, उडताना विमानाचं नाक वर असतं. समोर आभाळ असतं नि माझे डोळे काट्यांवर. खाली गच्ची, पंचा, काहीएक दिसत नाही.’

अण्णांनी शांतपणे पंचाची घडी केली.

‘तुला दिसत नसेल,’ ते म्हणाले. ‘कॅप्टनला विचारून बघ.’