आंबोलीचा आवाज

पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. धबधब्याखाली भिजायचं, भाजलेलं कणीस खायचं, फोटो काढायचे आणि परतायचं. याच रानातून 25 नोव्हेंबर 1955 रोजी गोवामुक्तीचं गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागलं, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं?

केंद्र चालवत होते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. गोव्यातल्या वर्तमानपत्रांवर तेव्हा पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारची सेन्सॉरशिप होती. पोर्तुगालने 1951 मध्ये घटना बदलून वसाहतीला ‘सागरापारचा प्रांत’ ठरवलं होतं. वसाहतच नाही, मग मुक्ती कुणाला हवी, असा तो कावा. त्याला रोजचं उत्तर जंगलातून जाई, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्येही. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं, पण 1961 च्या डिसेंबरपर्यंत बोलत राहिलं. 19 डिसेंबरला हीच दोघं विमानात बसली आणि पोर्तुगीजांच्या शरणागतीची बातमी ध्वनिक्षेपकावरून गोव्याला सांगत फिरली.

भांडण सत्तेशी होतं, म्हणून त्यांनी सत्तेच्या भाषेवर राग काढला नाही. ती भाषाच त्यांनी कामाला लावली. अस्मितेपायी भाषांवरून हातघाईवर येणाऱ्यांनी ही गोष्ट कान देऊन ऐकावी.

पण ऐकवणार कोण? आकाशवाणीकडे रूपकाची मोठी परंपरा आहे. तरी राष्ट्रीय दिवस आला की देशभक्तीची गाणी, एक भाषण, आणि कर्तव्य संपलं! निवेदकाने पाठ्यपुस्तकातला धडा वाचून दाखवला, तर त्याला रूपक म्हणू नये. जो लढा आवाजाने लढला गेला, तो आवाजातूनच कळतो. बोलता बोलता अडखळणारी आजी, तिच्या कोंकणीचा हेल, नाव आठवेपर्यंतची शांतता, हे छापील पानावर उतरत नाही. देश म्हणजे काय, हे त्या शांततेतही ऐकू येतं.

लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली ती 2025 मध्ये, त्यांनी शंभरी गाठल्यावर. 1961 साली दहा वर्षांचं असलेलं पोर आता पंच्याहत्तरीला टेकलंय. साक्षीदार थांबणार नाहीत.

आकाशवाणीने ध्वनिमुद्रक घेऊन सावंतवाडी, पेडणे, मडगाव गाठावं, आणि याच वर्षी गाठावं. तुमच्या घरी त्या काळचं कुणी असेल, तर तुम्हीही आज संध्याकाळी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. एक प्रश्न विचारा, आणि मध्ये बोलू नका.