विंध्य वाकला, विठा घाट वाकेना

सूर्याची वाट अडवायला निघालेल्या विंध्य पर्वताला अगस्ती ऋषींनी वाकायला लावलं आणि 'मी परत येईपर्यंत असाच राहा' असं सांगून ते दक्षिणेला निघून गेले, ही कथा लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. ऋषी परत का गेले नाहीत, याचं उत्तर अकोले तालुक्यात मिळतं. ते इथे प्रवरेकाठी रमले, असं लोक सांगतात. अकोल्यात त्यांचा आश्रम आहे, साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव आहे. एवढा वजनदार माणूस शेजारी राहायला आल्यावर इथल्या डोंगरांनी थोडं तरी नमतं घ्यायला हवं होतं. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, याच तालुक्याच्या सीमेवर उभं आहे आणि त्याच्या भावकीतलं कुणीही मान खाली घालायला तयार नाही.

अशा तालुक्यात सायकलवरून देवदर्शनाला जायचं, ही कल्पना नगरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची. नाशिकचे सायकलस्वार २०१२ पासून आषाढीच्या आधी पंढरपूरची सायकलवारी काढतात आणि वाटेत नगरला मुक्काम करतात. एका वर्षी त्यांना पोहे वाढता वाढता साहेबांना सायकलची लागण झाली. मात्र पंढरपूरचा रस्ता बराचसा सपाट, आणि बरोबर शेकडो माणसं. साहेबांना एकांत हवा होता. नगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा. पण त्यातले नामांकित देव शिर्डी, शिंगणापूर अशा सपाटीला, पार्किंगची सोय बघून वसलेले. तेव्हा पश्चिमेकडे जायचं ठरलं. टी-शर्टवर काय छापायचं यावर दोन बैठका झाल्या. २०२४ साली जिल्हा अहिल्यानगर झाला होता आणि साहेबांकडे जुन्या नावाचा छापील फलक शिल्लक होता. शेवटी नुसतं 'नगर' छापलं. नाहीतरी सगळे तेच म्हणतात.

दसऱ्यानंतरचा आठवडा. मंडळी अशी: साहेब, गणिताचे एक सर, एक डॉक्टरीणबाई, पुण्यात संगणकावर काम करणारा आणि बुलेटच्या किमतीची सायकल बाळगणारा बाईंचा भाचा, आणि संगमनेरचे एक कापड व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात. शेठजींनी वडिलांची बावीस इंची काळी अ‍ॅटलस आणली होती. 'हिचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला,' सर म्हणाले, 'आणि तोसुद्धा नेमका ३ जूनला, जागतिक सायकलदिनी!' शेठ म्हणाले, 'कारखाना बंद पडला. ही कुठं पडली?' मागून सामानाची जीप, आणि तिचा चालक, जो संपूर्ण प्रवासात एकदाच घामाघूम झाला: सगळ्यांच्या बॅगा उचलताना.

नगर ते संगमनेर सायकली जीपवर टाकून नेल्या. हे अंतर पुण्यात धरायचं नाही, असा ठराव झाला.

संगमनेर ते भंडारदरा साठेक किलोमीटर. दोन्ही गावांच्या उंचीत फरक दोनशे मीटरांच्या आसपास. सरांनी चहाच्या टपरीवर भागाकार केला: 'तीनशे मीटर चालल्यावर एक मीटर चढ. याला चढ म्हणणं हा चढाचा अपमान आहे.' अकोल्यापर्यंत हे गणित टिकलं. ऊस, डाळिंबं, दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली, उजवी-डावीकडून डोकावणारी प्रवरा. या नदीचं लाडाचं नाव अमृतवाहिनी. देवांच्या पंगतीत घुसलेल्या राहूचा गळा विष्णूने कापला, तेव्हा त्याच्या घशातलं अमृत रतनगडावर सांडलं आणि नदी झाली, अशी कथा. त्या अमृताची नंतर बँक झाली, इंजिनिअरिंग कॉलेज झालं.

अकोल्यात सिद्धेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, खांबांवर बारीक कोरीव काम केलेलं. पायरीवर पाच हेल्मेट ठेवून मंडळी बूट काढायला बसली. सायकलच्या बुटांना खाली लोखंडी खिळी असते. फरशीवर ती टकटक वाजते आणि माणूस घोड्यासारखा चालतो. ओट्यावरच्या आजींनी हेल्मेटांकडे पाहिलं, घट्ट काळ्या चड्ड्यांकडे पाहायचं टाळलं आणि विचारलं, 'लाइट कवा येनार?' वीज मंडळाची माणसं आपण नव्हे, हे सरांनी पटवून दिलं. आजींचा विश्वास बसला नाही. 'दरवेळी असंच सांगत्यात,' त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र शहाणपणाने पिशवीतून पंचा काढून कमरेला गुंडाळला होता. पुढे सगळ्या मंदिरांत त्या एका पंच्यावर पाळीपाळीने दर्शन झालं.

अकोल्याहून राजूरकडे निघालं की विठा घाट लागतो. सरांच्या भागाकाराचा इथे अंत झाला. रस्ता वर जातो, मग पश्चात्ताप झाल्यासारखा खाली येतो आणि पुन्हा वर जातो. खाली आलेलं हिशेबातून वजा होतं, मांड्यांतून होत नाही. धापा टाकत साहेबांनी बँकेच्या भाषेत निकाल दिला: 'शिल्लक दोनशे मीटर, उलाढाल हजाराची.' भाच्याने गियर इतका हलका केला होता की पाय भिंगरीसारखे फिरत होते आणि मैलाचा दगड हलत नव्हता. शेठ सुरुवातीलाच उतरले. एकच गियर असल्याने त्यांना निर्णय घ्यायचा त्रास नव्हता. सायकल हाताने ढकलत, दर वळणावर कुणाशी तरी बोलत ते आले आणि माथ्यावर पाचच मिनिटं उशिरा पोचले. तोपर्यंत त्यांच्या कॅरिअरला पेरूंची पिशवी होती, एका लग्नाचं आमंत्रण होतं आणि राजूरला पेढे कुठे चांगले मिळतात याची पक्की खबर होती.

राजूरला भाच्याची सायकल पंक्चर झाली. परदेशी ट्यूबच्या बारीक, लांब व्हॉल्व्हला गावच्या पंपाचा नॉझल बसेना. दुकानदाराने तो प्रकार जवळून, लांबून, चष्मा लावून पाहिला. 'ट्रॅक्टरचं काढतो, जेसीबीचं काढतो. हे कशाचंय?' भाच्याकडचा हातात मावणारा पंप निघाला आणि दीडशे वेळा मारून टायर जेमतेम उठलं. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. करमणूक झाली होती.

भंडारदऱ्याचं धरण हे या भागातलं इंग्रजांनी बांधलेलं देवालयच म्हणायचं. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं, मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव भिंतीला मिळालं. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत. त्या काळी देशात एवढी उंच दुसरी नव्हती. सर इथे खुलले. पाऊस पडतो अकोल्याच्या डोंगरात, घाटघरला तर इतका की त्याला नगरचं चेरापुंजी म्हणतात. आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहतो खाली संगमनेर-श्रीरामपूरकडे. तिकडे पाथर्डी-जामखेडला टँकरची वाट पाहत बसतात. एकाच जिल्ह्यात एवढा अन्याय करायला देवाला सवड कशी मिळाली, हा शेठचा प्रश्न. पाण्याला उताराने खाली जाता येतं, आपल्यालाच उलटं जायची हौस का, हा डॉक्टरीणबाईंचा. दोन्हींना उत्तर मिळालं नाही.

कळसूबाईची गोष्ट मात्र डॉक्टरीणबाईंना फार आवडली. कळसू नावाची कोळ्यांची मुलगी एका घरी कामाला राहिली, ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि मालकाने भांडी पुढे केली. तिने ती घासली आणि सरळ डोंगर गाठला. परत आली नाही. लेखी करार न करता नोकरीच्या अटी इतक्या कडक पाळणारं दैवत दुसरं नसावं. तिच्याकडे जायचा रस्ता बारी गावात संपतो. पुढे अडीच-तीन तासांची चढण आणि खड्या कातळाला लोखंडी शिड्या. लाखमोलाची सायकल बारीत एका कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी कुलूप लावून ठेवताना भाच्याचा जीव गलबलला. वर सोनकीची पिवळी फुलं, भन्नाट वारा, आणि दोन-तीन माणसांत भरून जाणारं इवलंसं देऊळ. साहेबांना हवा होता तो एकांत तिथेही मिळाला नाही. रविवार होता आणि अर्धं नाशिक वर आलं होतं.

एकांत मिळाला रतनवाडीला. धरणाच्या पाण्याला वळसा घालून मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद असा रस्ता जातो. पिकलेल्या भातखाचरांचा वास, चढ-उतार, आणि मधूनमधून रस्ता होता असं दाखवणारे डांबराचे पुरावे. शेवटी रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वर. पुरातत्त्व खात्याचा फलक, काळ्या दगडाचं, पायापासून शिखरापर्यंत कोरलेलं शिवालय, शेजारी चौकोनी पुष्करणी, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती. ना रांग, ना व्हीआयपी पास, ना प्रसादाचा लाडू मोजून देणारी खिडकी. हे मंदिर शिर्डीच्याच जिल्ह्यात आहे, यावर विश्वास बसायला वेळ लागतो. आणि खरं सांगायचं तर ते तसंच दूर, खराब रस्त्याच्या टोकाला राहावं, असा स्वार्थी विचार पाहणाऱ्याच्या मनात येतोच.

मुक्कामाला एका घरी नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं होतं. घरचे बाबा सायकलींभोवती फेरी मारून आले. चौकशी सुरू झाली.

'पंढरपूरला चाललाय?'

'नाही, इथलेच देव.'

'मग गाडी नव्हती मिळाली?'

जीपचालक लगेच म्हणाला, 'गाडी आहे ना. मोकळी चालवतोय मागून.' बाबांनी यावर बराच वेळ विचार केला.

'ही केवढ्याला पडली?' त्यांनी भाच्याला विचारलं. शहराबाहेर सायकलची खरी किंमत सांगायची नाही, हा नियम सर्व सायकलस्वार पाळतात. 'वीस हजार,' भाचा म्हणाला. बाबांनी ओणवं होऊन पाहिलं. 'ष्टँड न्हाई. मडगार्ड न्हाई. घंटी न्हाई. कॅरेज न्हाई.' मग शेठच्या अ‍ॅटलसवर हात ठेवून, आवाज खाली आणत: 'वीस हजाराला फसवलं रं पोरा तुला.'

हरिश्चंद्रगड शेवटी ठेवला होता. राजूरवरून पाचनईपर्यंत रस्ता, पुढे पायी. १४२४ मीटरच्या या गडावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आणि चांगदेवांचा शिलालेख आहे. त्यांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथेच १३१२ साली पुरा केला. ज्ञानेश्वरांना भेटायला चांगदेव वाघावर बसून निघाले आणि ज्ञानेश्वरांनी त्यांच्या स्वागताला बसल्या जागेवरून भिंत चालवली, ही कथा सांगता सांगता सर थांबले. भाचा गंभीरपणे म्हणाला, 'भिंतीला एकच गियर असणार.' शेठ म्हणाले, 'पण ब्रेक पक्के.'

केदारेश्वराच्या गुहेत मोठं शिवलिंग आहे, भोवती कमरेपर्यंत बर्फगार पाणी. चार खांबांपैकी तीन मोडलेले, एक उरलेला. तो पडला की कलियुग संपणार, असं मानतात. त्याला हात न लावता प्रदक्षिणा घालायची हे ठरलं, कारण एवढी मोठी जबाबदारी घ्यायला कुणी तयार नव्हतं. पाण्यात उतरल्यावर कळलं ते वेगळंच: सायकलच्या चड्डीला बसायच्या जागी जाडजूड स्पंजची गादी असते, आणि ती किती पाणी पिते हे कंपनी कुठेही छापत नाही. बाहेर येताना प्रत्येकाच्या मागे छोटा धबधबा सुरू होता. एकटे शेठ, साध्या धोतरात, ते पिळून मोकळे झाले. बाकीचे पाचनईपर्यंत उतरताना पाय फाकवून चालत होते, आणि खाली खोगीर वाट पाहत होतं.

संध्याकाळी राजूरला पेढे समोर ठेवून पुढच्या वर्षीची बैठक भरली. कुणीतरी मोहट्याच्या देवीचं नाव काढलं, पण तिथेही डोंगर आहे हे कळताच विषय बदलला. मढीच्या कानिफनाथांचंही तेच झालं. मग सपाटीवरच्या देवांची यादी निघाली: नेवाशाचे मोहिनीराज, शिंगणापूर, भीमेकाठचं सिद्धटेक. सिद्धटेक एकमताने मंजूर झालं. जीपचालकाने तिकडे समोरून येणाऱ्या वाऱ्याबद्दल काही सांगायचा प्रयत्न केला. त्याला पेढा देण्यात आला. साहेबांनी वही उघडून लिहिलं: 'सिद्धटेक. चढ – शून्य.' सरांनी वही जवळ ओढली, पेन मागितलं आणि विचारलं, 'शिल्लक शून्य, की उलाढाल?'