गो गेला, नोगो अडला

किर्लोस्करवाडी, कुपवाड, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावत म्हातारी झालेली एक पिढी आहे. त्यातले फिटर, टर्नर, मोल्डर रिटायर झाले की चार माणसांत येतात. भजनाला बसतात, नातवाला शाळेत सोडतात, वांग्याच्या भावावर बोलतात. गेजरूममधला, म्हणजे मापं तपासायच्या खोलीतला, माणूस मात्र रिटायर होत नाही. पगारपत्रकावरचं नाव निघतं, तेवढंच. पुढची सगळी वर्षं तो घर तपासतो.

आमचे सांगलीतल्या विश्रामबागचे नाना या जातीचे. उभी नोकरी किर्लोस्करवाडीच्या गेजरूममध्ये गेली. आजही शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलपट्टी असते. चष्मा कपाळावर असतो, आणि चष्म्याच्या घरात फीलर गेज. काकूंनी चपाती वाढली की नाना ती आधी पट्टीवर उजेडात धरतात. "सरफेस बरा आहे," असं म्हणाले की काकूंनी ते कौतुक समजून घ्यायचं. साखरेच्या डब्यात दोन चमचे आहेत. मोठ्याच्या दांड्यावर काकूंच्या लाल नेलपॉलिशचा पट्टा आहे, कारण गेजरूममध्ये नोगोच्या टोकाला लाल खूण असते. मधुमेह झाल्यापासून तो मोठा चमचा नानांच्या कपात जाऊ शकत नाही. नियम त्यांनी स्वतःच केलाय आणि स्वतःच पाळतात. काकूंच्या मते या घरात पाळला जाणारा तेवढा एकच नियम.

नानांचं सगळं तत्त्वज्ञान एका दांड्यात मावतं. प्लग गेजला दोन टोकं. एक भोकात गेलंच पाहिजे, तो गो. दुसरं जाता कामा नये, तो नोगो. गो गेला नाही तर भोक लहान, नोगो गेला तर भोक मोठं. "गो गेला, नोगो अडला, विषय संपला!" हे त्यांचं पालुपद. निवडणुकीचा उमेदवार, नवा डॉक्टर, पुतण्याला आलेलं स्थळ, सगळ्यांचा निकाल याच वाक्यात लागतो. कोणी "वस्तू छान आहे हो" म्हणालं की नाना म्हणतात, "छान राहू दे. मापात आहे का सांग."

गणपती पेठेतल्या हार्डवेअरवाल्यांची त्यांच्यापुढे फार पंचाईत होते. दुकानदार बिचारा बोल्टवर नट फिरवून दाखवतो, बघा किती गुळगुळीत. नाना मान हलवतात. "तुमचा नट तुमच्या बोल्टला बसणारच. दोघं एकाच घरचे. माझ्या गेजला बसवून दाखवा." आणि पायजम्याच्या खिशातून थ्रेड रिंग गेज निघतो. मागे गिऱ्हाइकांची रांग लागते. शेवटी दुकानदार आख्खी पेटीच पुढे करतो, "नाना, तुम्हीच निवडा." नाना निवडतात, आणि नापास झालेले बोल्ट वेगळ्या ढिगात, सगळ्यांना दिसतील असे मांडून ठेवतात.

अशा माणसाच्या लेकीचं लग्न साताऱ्याच्या सुभेदारांच्या मुलाशी झालं. व्याही फौजेत आर्मरर. बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेलेली, मिशा अजून परेडवर. नानांचं सगळं मापात, तर सुभेदारांचं सगळं कामात. वस्तू चालली ना, मग झालं. पहिल्याच बैठकीत सुभेदार म्हणाले, "सांगली म्हणजे आमचीच की. 1949 ला जिल्हा काढला तो दक्षिण सातारा म्हणून. सांगली नाव 1960 ला पडलं." नाना म्हणाले, "आणि आमच्या वाडीची जागा 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली ती औंधच्या राजांनी. म्हणजे देणारे तुमचेच. पण मोजून दिली असणार." तिथून सोयरीक जमली आणि वाद सुरू झाला.

वादाला खरं तोंड फुटलं ते जावईबापूंमुळे. ते डॅलसजवळ राहतात. तिकडे रविवारी पिस्तुलाच्या स्पर्धा असतात, आणि 9 मिलिमीटरची काडतुसं ते घरीच भरतात. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, डायमध्ये दाबून पुन्हा आकारात आणायच्या, नवा प्रायमर, मोजून दारू, वर नवी गोळी. तिथं हा छंद कायद्यात बसतो. आपल्याकडे बसत नाही, आणि हे सुभेदार प्रत्येक फोनवर बजावतात. "इथं असलं काही घरी करायचं न्हाय. शस्त्र कायदा 1959, कलम 5. परवान्याबिगर काडतूस बनवणं गुन्हा हाय. आणि 9 मिलिमीटर तर सामान्य माणसाला बंदच." हे ते अमेरिकेतल्या मुलाला का सांगतात, ते कळत नाही. पण कायदा सांगताना त्यांचा आवाज फार छान लागतो.

तर जावईबापूंना गेज घ्यायचा होता. तयार काडतूस पिस्तुलात अडकू नये म्हणून आधी या गेजच्या भोकात टाकून बघायचं. आपल्या वजनानं आत पडलं, उलटं केल्यावर आपणहून बाहेर आलं, बूड काठाशी सपाट राहिलं, की पास. जावई सहज म्हणून गेले, "नाना, कुठला घेऊ?" सांगलीत असा प्रश्न नानांना कोणी सहज विचारत नाही.

तिकडे शनिवारची रात्र, इकडे रविवारची सकाळ. व्हिडिओ कॉलवर एका चौकोनात सांगली, एकात सातारा, एकात टेक्सास. शेजारी म्हणून मला बोलावणं असायचं, कारण फोन आडवा कसा धरायचा ते मला येतं.

जावयांच्या मनात शंभर भोकांची पाटी होती. एका दमात शंभर काडतुसं बघून होतात. नानांनी विचारलं, "शंभर भोकं म्हणजे शंभर गेज. प्रत्येकाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे का?" नव्हतं. "मग सदतिसाव्या भोकात नापास झालेलं अडतिसाव्यात पास झालं तर खोटं कोण? काडतूस का भोक?" जावई गप्प.

सुभेदारांचं म्हणणं सोपं होतं. "गेज कशाला? पिस्तूल खोल, नळी काढ, तिच्यात काडतूस टाक. टक् वाजलं की झालं. फुकटचा गेज."

नाना इतके पुढे सरकले की पडद्यावर नुसती भुवई दिसू लागली. "सुभेदार, हे गणपती पेठेचं झालं. त्यांची नळी, त्यांचंच काडतूस. उद्या जावयांनी दुसरं पिस्तूल घेतलं तर?"

"तवा त्या पिस्तुलाची नळी काढायची."

"आणि फौजेत? तिथं तुम्ही हेडस्पेस गेज लावत नव्हता?"

"लावायचो की. पण तो बंदूक तपासायला. गोळी कारखान्यातनं तपासून यायची. आणि आमच्या कार्बाइनचं चेंबर ऐसपैस. चिखलात पडली तरी चालली पाहिजे. स्पर्धेची नळी म्हणजे नव्या नवरीचा चुडा, जरा जाड मनगट आलं की अडली."

इथं दोघंही बरोबर होते, आणि हेच दोघांना सहन होत नव्हतं. चेंबरला एक कमीत कमी माप ठरलेलं असतं, आणि काडतुसाला जास्तीत जास्त. या काडतुसाची पुंगळी 19.15 मिलिमीटरहून लांब नको, आख्खं काडतूस 29.69 हून लांब नको. चांगला गेज चेंबरच्या कमीत कमी मापाच्या आसपास कापलेला असतो. त्यात जे पडतं ते ठीक बनलेल्या कुठल्याही पिस्तुलात पडावं. नळी तेवढं सांगत नाही, ती स्वतःपुरतं सांगते. उलट गेजमध्ये अडलेली कितीतरी काडतुसं ऐसपैस नळीत खुशाल चालतात. जावयांची तीच तक्रार होती. उसन्या आणलेल्या गेजमध्ये मूठभर अडत होती, पिस्तुलात मात्र चालत होती. नाना म्हणाले, रिजेक्ट. सुभेदार म्हणाले, चालवा.

काकू मध्ये एकदाच बोलल्या. नाना योहान्सनची कथा सांगत होते. मापाच्या स्लिप गेजांची युक्ती त्याला 1896 साली सुचली, तेव्हा तो स्वीडनच्या रायफल कारखान्यात कामाला होता. म्हणजे सुभेदार, तुमच्या बंदुकीपोटीच माझा गेज जन्माला आला. आणि त्या गड्यानं घरातल्या शिवणयंत्रावर ग्राइंडिंगचं चाक बसवलं! आतून काकूंचा आवाज आला, "आमच्या मशीनला हात लावायचा नाही."

मग तापमान निघालं. माप 20 अंशांवर घ्यायचं असतं. मे महिन्यातल्या सांगलीत 40 अंशांवर नानांनी हिशेब मांडला. एवढ्या फरकानं 19 मिलिमीटर लांबीचं पितळ सात मायक्रॉन वाढतं, पोलादी गेज चार. "राहिले किती?" सुभेदारांनी विचारलं. "तीन मायक्रॉन." "आणि केस किती जाड असतो म्हणायचा?" "सत्तरच्या आसपास." सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि पुढं काही बोलले नाहीत. नानांनी तीन मायक्रॉन वहीत लिहून ठेवले.

पण या माणसाला हसताना जरा जपून हसावं लागतं. पुढच्या रविवारी जावयांनी अडलेलं एक काडतूस पडद्यासमोर धरलं. नाना म्हणाले, "काळं मार्कर पेन आहे का? सगळीकडनं फासा. आता गेजमध्ये टाका, बोटानं हळू दाबा, एक फेरा द्या, काढा." कारखान्यात निळं लावून बघायचे, तीच रीत. काडतूस बाहेर आलं. तोंडाशी काळं तसंच होतं. बुडापासून दोन-तीन मिलिमीटर वर मात्र पितळेची पिवळी कडी लख्ख उघडी पडली होती. नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तोंडाशी घासलं असतं तर तोंड फाकलेलं राहिलं असं म्हणालो असतो. इथं बूड फुगलंय. पहिल्यांदा ज्या नळीतून झाडलं तिनं फुगवलंय, आणि तुमची डाय तिथवर पोचत नाही. डाय खाली घ्या, प्लेटला टेकेपर्यंत." जावयांनी घेतली. नवं काडतूस गेजमध्ये पडलं आणि उलटं केल्यावर टेबलावर टणकन आलं. 9 मिलिमीटरचं काडतूस नानांनी उभ्या जन्मात हातात धरलेलं नाही.

सुभेदारांनी सॅल्यूट केला नाही, पण त्या दिवशी "नानासाहेब" म्हणाले. आणि मग एकदम गंभीर झाले. "बाळा, एक ध्यानात ठेव. गेज बाहेरचं माप सांगतो. आत दारू एकदा पडली का दोनदा, हे त्याला कळत न्हाय. दुप्पट पडली तर पिस्तूल हातात फुटंल. दर पुंगळीत डोळ्यानं बघायचं, मगच गोळी बसवायची." नानांनी ताबडतोब मान डोलावली. या एका मुद्द्यावर सांगली आणि सातारा एक जिल्हा झाले.

शेवटी एकाच भोकाचा पोलादी गेज घ्यायचं ठरलं. त्याआधी नानांनी कुपवाडच्या एका जुन्या शिष्याकडून तो करून घेण्याचा घाट घातला होता. ड्रॉइंग तयार, ओएचएनएस पोलाद ठरलेलं, हार्डनिंग कुठं करायचं तेही ठरलेलं. लेक माहेरी आली होती, तिच्याच बॅगेतून पाठवायचा बेत. काकूंनी तो हाणून पाडला. "पिस्तुलाच्या गोळीचं भोक आहे म्हणून विमानतळावर कोणाला समजावून सांगू?" त्या जागी भडंग आणि कंदी पेढे गेले. बॅग मात्र नानांनीच काट्याला लावली. 22 किलो 900 ग्रॅम. "23 गो, पुढे नोगो," म्हणाले, आणि एका पेढ्याचीही भर घालू दिली नाही.

आता जावईबापू दर काडतूस गेजमध्ये टाकतात. पडलं ते स्पर्धेला. अडलं ते नळीत टाकून बघतात, तिथं टक् वाजलं तर सरावाला, नाही तर बाद. नाना सांगतात, गेज घ्यायला लावला. सुभेदार सांगतात, शेवटी नळीच खरी ठरली.

तुमच्याही घरात किंवा गल्लीत असा एखादा नाना असणार. तो तुमची चपाती उजेडात धरेल, बोल्ट नापास करेल, लग्नाच्या पंगतीत पाटाचे पाय डुगडुगतात का ते बघेल. वैताग येऊ द्या, पण कुकरचा गॅस्केट, गॅसचा रेग्युलेटर आणि पाळण्याची कडी त्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका. दुकानदाराचा नट दुकानदाराच्याच बोल्टला बसतो, हे पैसे देण्याआधी सांगणारा माणूस गल्लीत तो एकटाच असतो.